डॉ. नानाभाई मूस आणि पृथ्वीच्या लाटा

अलिबागला समुद्रकिनाऱ्यालगत सरकारी चुंबकीय वेधशाळा आहे. कोर्टकचेरीच्या किंवा दाखल्याच्या कामासाठी अलिबागला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती बाहेरून पाहिली असेल. परंतु आत काय चालते, ती तेथे का आली आणि कोणी आणली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात न्यूटन भेटतो, एडिसन भेटतो, मार्कोनी भेटतो. ज्या गृहस्थांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे, ते डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस मात्र भेटत नाहीत. शास्त्रज्ञांच्या जगात त्यांचे नाव प्रसिद्ध आहे. घराघरांत ते पोहोचले नाही, एवढेच.

त्यांच्या चरित्राचा आणखी एक उपयोग आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना 'तरंग' हे प्रकरण रुक्ष वाटते. व्याख्या पाठ होतात, आकृत्या काढल्या जातात आणि परीक्षा संपली की सारे विसरून जाते. मूस यांचे निम्मे आयुष्य निरनिराळ्या लाटा टिपण्यात गेले. तेव्हा त्यांचे चरित्र सांगताना ते प्रकरणही सहज सांगून होईल.

नानाभाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. त्यांनी मुंबई विद्यापीठाची स्थापत्यशास्त्रातील एल. सी. ई. ही पदवी मिळवली. ही पदवी मिळाली की सरकारी बांधकाम खात्यात नोकरी आणि पुढचे आयुष्य सुखाचे, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. नानाभाईंचे मन मात्र शुद्ध शास्त्राकडे ओढ घेत होते. ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरो विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढे तेथील रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो करून घेतले. पुलाचे गणित शिकलेला तरुण पृथ्वीच्या हालचालींकडे वळला. त्याची ही पहिली तालीम वाया गेली नाही, कारण पुढे त्याला अशी एक इमारत उभी करायची होती की जिच्यात लोखंडाचा एक खिळाही चालणार नव्हता.

एडिंबरो हे त्या काळी लाटांच्या अभ्यासाचे जणू माहेरघरच होते. पीटर गथ्री टेट हे विख्यात गणिती तेथे पदार्थविज्ञान शिकवीत. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकत्व यांची लाट आहे, असे गणिताने दाखवून देणारे मॅक्सवेल हे त्याच शहरात जन्मले व शिकले. शहराबाहेरून जाणाऱ्या युनियन कालव्यावर १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल नावाच्या इंजिनिअरने एक चमत्कार पाहिला होता. घोड्यांनी ओढलेली बोट एकाएकी थांबली, तशी तिच्या नाळेपाशी पाण्याची एक गोल उंच पाठ तयार झाली आणि ती बोटीला मागे टाकून कालव्यातून पुढे निघाली. रसेल घोड्यावरून मैल दीड मैल तिच्या मागे गेला, तरी तिचा आकार फारसा बदलला नाही. बोट थांबली, पाणी जागच्या जागी राहिले, मग पुढे गेले ते काय?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न समजला की अर्धे प्रकरण समजले. आपल्या खाडीत जाळ्याचा बोया तरंगत असतो. दुरून लाँच जाते, तिच्या लाटा येतात, बोया वर उचलला जातो, खाली येतो आणि लाट निघून गेल्यावर पाहावे तर तो जवळजवळ होता तेथेच असतो. म्हणजे लाटेबरोबर पाणी वाहून जात नाही. एक कण दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि अशा रीतीने हालचाल पुढे सरकते. पुढे जाते ती ऊर्जा. मालक जागेवर आणि निरोप गावोगाव, असा हा कारभार आहे. खोल समुद्रात लाटेखालचे पाणी वर्तुळात फिरते. वर्तुळ पृष्ठभागाशी मोठे असते आणि खाली खाली लहान होत जाते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ संपते. म्हणून वर तुफान असले तरी खाली मासे स्वस्थ असतात.

लागोपाठच्या दोन माथ्यांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती माथे आपल्यापुढून जातात ती वारंवारता. पाणी मूळ पातळीपासून किती वर चढते तो आयाम. लाटेचे बळ त्याच्यावरून ओळखावे. तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार केला की वेग मिळतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला दर दहा सेकंदांनी एक लाट येत असेल, तर खोल समुद्रात त्या लाटांची लांबी सुमारे १५६ मीटर आणि वेग सेकंदाला साडेपंधरा मीटर असतो. आणि आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा आवाज मोबाईलवर आपल्या कानी पडतो, तेव्हा मॅक्सवेलची लाट सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने धावत असते. गुणाकाराचा नियम दोन्हीकडे तोच.

लाटांचे मुख्य प्रकार दोन. होडीचे दोर एका टोकाला बांधून दुसरे टोक वरखाली झटकले तर लाट दोराच्या दिशेने जाते, पण दोराचा प्रत्येक पीळ वरखाली, म्हणजे आडवा हलतो. याला अवतरंग म्हणतात. धक्क्यावर लाँचसाठी माणसांची रांग उभी असते, मागच्या माणसाने पुढे रेटले की तो धक्का रांगेतून पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो; येथे माणसेही त्याच दिशेने पुढेमागे होतात. हा अनुतरंग. ध्वनी हा अनुतरंग आहे. हवेचे थर दाटतात आणि विरळ होतात. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात दीड हजार मीटर आणि घट्ट खडकात काही किलोमीटर. प्रकाश अवतरंग आहे, मात्र त्याला वाटेत हवा, पाणी, काहीच लागत नाही. मूस यांना पुढे यांपैकी जवळजवळ प्रत्येकाशी काम पडले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले. त्यानंतर त्यांचा संबंध आला तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेशी. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. हेतू व्यवहाराचा होता. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ हवी असे, कारण घड्याळ चुकले की भर समुद्रात जहाजाचे ठिकाण चुकते. १८४१ पासून तेथे ऑर्लेबार या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पृथ्वीचे चुंबकत्व मोजू लागले आणि १८४६ पासून ती नोंद अखंड झाली. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या सुरुवातीच्या काळात या वेधशाळेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचा एक तरुण होता. तोच पुढे थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे म्हणून महाराष्ट्रात गाजला. म्हणजे अलिबाग आणि मुंबईची ही वेधशाळा यांचे नाते मूस यांच्याही आधीचे आहे.

१८९६ मध्ये आधीचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि नानाभाई मूस या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. वय छत्तीस. ज्या काळात भारतीयाला शास्त्रीय खात्यात हाताखालची जागा मिळाली तरी पुष्कळ, असे मानले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. वर्ष मोठे वाईट होते. त्याच साली मुंबईत प्लेग आला आणि लोक शहर सोडून गावोगाव पळू लागले. आपल्या कोकणातही त्या वेळी कितीतरी कुटुंबे परतली. वेधशाळेची नोंद मात्र थांबली नाही.

नोंद कशी होत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. रेशमाच्या बारीक धाग्याला टांगलेल्या लोहचुंबकावर एक चिमुकला आरसा बसवलेला असे. त्यावर दिव्याचा प्रकाश पडे, आरशावरून परते आणि घड्याळाच्या यंत्राने हळूहळू फिरणाऱ्या प्रकाशसंवेदी कागदावर ठिपका उमटे. चुंबक केसभर जरी वळला तरी परावर्तित किरण लांब असल्यामुळे ठिपका चांगलाच सरके. दिवसभराचा कागद धुऊन काढला की त्यावर एक रेघ दिसे. शांत दिवशी ती रेघ सकाळ-दुपारच्या ठरावीक चढउताराची असे. सूर्यावर खळबळ झाली की ती वेडीवाकडी होई.

१२ जून १८९७ रोजी संध्याकाळी आसाममध्ये, शिलाँगच्या परिसरात, भयंकर भूकंप झाला. त्या शतकातील हिंदुस्थानातला तो सर्वात मोठ्या भूकंपांपैकी एक होता. शिलाँग मुंबईहून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. पण कुलाब्याच्या कागदांवरील रेघा थरथरल्या. मूस यांनी त्या दिवसाचे कागद बारकाईने तपासून त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. टांगलेल्या चुंबकांना त्या थरथरीने हलवले होते. चुंबकत्व मोजायला ठेवलेल्या यंत्राने नकळत जमिनीची लाट टिपली होती.

याच भूकंपाने लाटांच्या शास्त्राला फार मोठी गोष्ट शिकवली. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा प्रचंड अहवाल लिहिला आणि दूरच्या यंत्रांवरील नोंदी पाहून १९०० मध्ये असे दाखवले, की भूकंपाची लाट एक नसते, तीन असतात. सर्वात आधी येणारी प्राथमिक लहर हा अनुतरंग. ती खडकाला दाबत आणि ताणत जाते. मागून येणारी दुय्यम लहर हा अवतरंग. ती खडक आडवा हलवते. आणि सर्वात शेवटी, पृथ्वीच्या पाठीवरून सरपटत येणारी भूपृष्ठ लहर. घरे पाडण्याचे काम बहुतेक वेळा या मागून येणाऱ्या दोघी करतात.

चुंबकाने भूकंप टिपणे म्हणजे तराजूने वारा मोजण्यासारखेच होते. त्यासाठी स्वतंत्र यंत्र हवे होते. जपानमध्ये वीस वर्षे काढून परतलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिल्न यांनी जगभर एकाच पद्धतीची भूकंपमापक यंत्रे बसवण्याचा संकल्प सोडला होता. त्यांपैकी एक १८९८ मध्ये कुलाब्याला, मूस यांच्या वेधशाळेत आले. कलकत्त्याजवळ अलीपूर आणि दक्षिणेत कोडाईकॅनाल येथेही अशीच यंत्रे बसली. भक्कम खांबाला आडवी टांगलेली एक हलकी दांडी आणि तिच्यावर वजन, असे त्याचे स्वरूप. दार चौकटीला टांगलेले असते तशी ती दांडी. जमीन हलली की खांब हलतो. वजन जडत्वामुळे मागे राहते, आणि दोघांतला फरक प्रकाशाच्या ठिपक्याने कागदावर उमटतो.

४ एप्रिल १९०५ रोजी हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा येथे भूकंप झाला आणि सुमारे वीस हजार माणसे दगावली. कांगडा ते मुंबई अंतर अंदाजे दीड हजार किलोमीटर. एवढ्या अंतरावर प्राथमिक लहर सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे ती तीन मिनिटांच्या थोडी पुढे पोहोचते. दुय्यम लहर तिच्या साधारण निम्म्याहून थोड्या अधिक वेगाची. तिला साडेपाच मिनिटे लागतात. तार येण्याच्या कितीतरी आधी निरोप येऊन पोहोचलेला असतो. आणि तो निरोप अंतरही सांगतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला, यावरून आपण ढग किती लांब आहे ते ताडतो ना? तसेच दोन लहरींच्या मधला वेळ मोजला की भूकंप किती दूर झाला ते कळते. तीन ठिकाणांहून तीन अंतरे मिळाली की नकाशावर तीन वर्तुळे काढावीत. ती जेथे मिळतील तेथे भूकंप. एका वेधशाळेचे येथे काही चालत नाही. म्हणूनच मिल्न यांना सारे जग हवे होते.

जवळच्या भूकंपाला साधा ठोकताळा असा, की मधले जितके सेकंद, त्याच्या आठपट किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तो आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेल. श्रीवर्धनहून कोयना शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पहिली बारीक थरथर आणि नंतरचा खरा हिसका यांच्यात बारा-तेरा सेकंदांचे अंतर. बारा सेकंदांत झोपलेले मूल उचलून अंगणात येता येते. पालकांनी हे घरी एकदा जरूर सांगावे.

ओल्डहॅम तेथेच थांबले नाहीत. १९०६ मध्ये त्यांनी दाखवले, की पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणाऱ्या लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात. तेव्हा आत निराळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे. पुढे, दुय्यम लहर त्या गाभ्यातून पार होतच नाही, हे लक्षात आले. अवतरंगाला आडवे ताणले जाणारे घन माध्यम लागते. द्रवाला आडवे ताणताच तो निसटतो. यावरून गाभ्याचा बाहेरचा थर द्रव आहे हे १९२६ पर्यंत निश्चित झाले. आणि गंमत पाहा, याच वितळलेल्या लोहाच्या हालचालींतून पृथ्वीचे ते चुंबकत्व निर्माण होते, जे मूस मोजत होते! एका खोलीत चुंबक, दुसऱ्या खोलीत भूकंपमापक. दोन्ही यंत्रे एकाच गाभ्याची बातमी देत होती. हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते.

लाट एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळते, हा गुणही येथे सांगून टाकू. त्याला अपवर्तन म्हणतात. पृथ्वीच्या पोटात लाटा वळतात त्या यामुळेच. समुद्राची लाट उथळ पाण्यात मंदावते. तिरकी आलेली लाट ज्या टोकाने आधी उथळ पाण्यात शिरते ते टोक रेंगाळते, दुसरे टोक वळून पुढे येते, आणि म्हणून वारा कोणताही असो, किनाऱ्यावर लाटा बहुधा किनाऱ्याशी समांतरच फुटतात. तटबंदीवर आपटून त्या परत फिरतात ते परावर्तन. दोन लाँचींच्या लाटा एकमेकींत शिरतात, माथ्यावर माथा आला की उंच होतात, माथ्याखाली खळगा आला की सपाट होतात, आणि पुन्हा आपापल्या वाटेने जणू काही घडलेच नाही अशा निघून जातात, ते व्यतिकरण. पुस्तकातली ही तिन्ही प्रकरणे जेट्टीवर पाच मिनिटे उभे राहिले तर डोळ्यांनी दिसतात.

आता मूस यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीकडे येऊ. शतक बदलताना मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे घाटू लागले. १८७४ पासून घोडे ट्राम ओढत होते. वाढत्या शहराला ते पुरेनात. लोकांची मोठी सोय होणार होती, यात शंका नाही. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, रुळांतून जमिनीत झिरपतो आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकत्व. कुलाब्याचे संवेदनशील चुंबक प्रत्येक ट्रामबरोबर नाचले असते. सूर्याची बातमी सांगणारी रेघ ट्रामच्या फेऱ्या सांगू लागली असती. युरोपातल्या काही शहरांत असे घडलेही होते.

ट्राम अडवावी, तर शहराचे नुकसान. वेधशाळा हलवावी, तर साठ वर्षांची माळ तुटते. चुंबकत्व जागोजाग वेगळे असते. नव्या जागेचे आकडे जुन्यांच्या पुढे तसेच लिहिता येत नाहीत. मूस यांनी यातून जो मार्ग काढला, तो एखाद्या चोख व्यापाऱ्यासारखा होता. दुकानात नवी वजने आणायची झाली तर शहाणा दुकानदार जुनी फेकून देत नाही. आधी दोन्ही समोरासमोर तोलतो, फरक लिहून ठेवतो आणि मगच जुनी बाजूला करतो.

जागा हवी होती कुलाब्याच्या जवळ, म्हणजे दोन्हीकडची खळबळ सारखीच टिपली जाईल. पण आगगाडी, ट्राम, कारखाने यांपासून दूर. मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर अलिबाग होते. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा जिल्हाच म्हणवत असे. १९८१ पासून तो रायगड झाला. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यातच आली, हा योगायोग मोठा मजेदार आहे. मूस यांच्या देखरेखीखाली इमारती उभ्या राहिल्या. पोरबंदरी दगड आणला, कारण त्यात चुंबकीय अंश नव्हता. आपला काळा कातळ दिसायला भक्कम, पण त्यात लोहखनिज असते, म्हणून तो चालला नाही. लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरले. बाहेरच्या उन्हाने आतले चुंबक तापू-थंडावू नयेत म्हणून भिंतीच्या आत भिंत घालून यंत्रांची खोली बांधली. स्थापत्याची जुनी पदवी येथे कामी आली.

१९०४ मध्ये अलिबागची यंत्रे सुरू झाली. कुलाब्याची बंद केली नाहीत. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंद घेतली, रेघेला रेघ ताडून पाहिली, दोन ठिकाणांतील फरक ठरवला आणि १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबक विसावले. पुढच्याच वर्षी, ७ मे १९०७ रोजी, मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. शहराला ट्राम मिळाली आणि शास्त्राची माळही तुटली नाही. भूकंपमापक मात्र कुलाब्यालाच राहिला. ट्रामच्या विजेची त्याला फिकीर नव्हती.

मूस यांचा मोठा ग्रंथ १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी आणि त्यांची चर्चा त्यात आहे. संगणक नाही, हिशेबाची यंत्रेही बेताची. आकड्यांचे डोंगर माणसांनी हाताने उपसले. त्यातून त्यांनी दाखवले की सूर्यावरचे डाग वाढले की पृथ्वीच्या चुंबकत्वाचा रोजचा चढउतारही वाढतो. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र मांडून त्यांनी वादळाचा सर्वसाधारण क्रमही काढला. आधी एकदम उसळी, मग काही तास मोठी घट, मग काही दिवस हळूहळू पूर्वस्थिती. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या पुढच्या शास्त्रज्ञांनी याच पायावर आपले सिद्धान्त रचले. विद्वान मंडळी या ग्रंथालाच मूस यांचे सर्वश्रेष्ठ कार्य मानतात. आम्हाला मात्र वाटते, की १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे त्याहून मोठी. ग्रंथ त्यांनी नाही तर दुसऱ्या कोणी लिहिला असता. तुटलेली नोंद कोणालाच मागे जाऊन जोडता आली नसती.

सेवानिवृत्तीपर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, त्यांनी वेधशाळेची धुरा वाहिली. त्यांच्या पश्चात तेथे आलेल्या सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी कुलाब्याच्या भूकंपमापकावर एक विलक्षण गोष्ट शोधली. भूकंप नसतानाही यंत्राची रेघ बारीक थरथरत राही, आणि ही थरथर पावसाळ्यात व वादळात वाढे. अरबी समुद्रातील आणि बंगालच्या उपसागरातील लाटा समुद्राच्या तळाला सूक्ष्म ठोके देतात आणि ते ठोके जमिनीतून मुंबईपर्यंत येतात, असे त्यांनी दाखवले. त्यांचा निबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. आषाढात समुद्र खवळला की जमीनसुद्धा हलते, हे आपल्या किनाऱ्यावरचे म्हातारे खलाशी सांगत असतील तर ती नुसती बोलण्याची पद्धत नाही. पाण्याची लाट खडकाची लाट होते.

१८ फेब्रुवारी १९३६ रोजी डॉ. मूस यांचे निधन झाले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली भूकंप झाला आणि त्सुनामीची लाट आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली. मुंबईतही माणसे वाहून गेली. ही लाट रोजच्या लाटांच्या जातीची नव्हे. तिची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असते, तळापर्यंतचे सारे पाणी तिच्यात सामील होते, आणि चार किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरने धावते. तेथे तिची उंची हातभरच असते, होडीला ती कळतही नाही. उथळ पाण्यात वेग घटतो आणि उंची वाढते. भरती-ओहोटीची वेळ नसताना समुद्र एकाएकी दूर हटला, तर मासे वेचायला धावू नये, उंच जागी जावे. भूकंपाची लाट खडकातून तिच्या कितीतरी आधी पोहोचते, म्हणून किनाऱ्यावरची इशारा देणारी यंत्रणा याच शर्यतीवर उभी आहे.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि तिचे मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून १८४६ पासूनची नोंद चालू आहे. तिचा एक कागद २००३ मध्ये जगभर गाजला. नानाभाईंच्या जन्माच्या आठ आठवडे आधी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाला सूर्यावर लखलखाट दिसला होता. प्रकाशाची लाट सूर्याहून आठ मिनिटांत पृथ्वीवर आली. पण त्या स्फोटात सूर्याने फेकलेला प्रत्यक्ष पदार्थ पोहोचायला साडेसतरा तास लागले. तो पोहोचल्यावर युरोप-अमेरिकेतली तारयंत्रे बिघडली आणि तिकडच्या बऱ्याच वेधशाळांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याला तेव्हा छायाचित्रण आले नव्हते. माणसे डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होती. २ सप्टेंबरला काटा भराभर सरकू लागल्यावर त्यांनी तासाची वाट न पाहता थोड्या थोड्या मिनिटांनी आकडे लिहिले. चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे चार टक्क्यांनी घसरला होता. अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी एकशे चव्वेचाळीस वर्षांनी त्या वादळाचे बळ मोजले, ते या वहीतील आकड्यांवरून.